जास्तीचा तास

कॉलेजात आत्याला आत्या म्हणणारा पहिला माणूस तिचा सख्खा भाचा होता. तो तीन वर्षं शिकला, रडतखडत पास झाला आणि निघून गेला. जाताना हे नाव मात्र मागे ठेवून गेला. त्याच्या मित्रांनी ते उचललं, मित्रांच्या धाकट्या भावंडांनी पुढे चालवलं, आणि अठरा वर्षांनी परिस्थिती अशी होती की आत्यापेक्षा वयाने चार वर्षं मोठे असलेले ग्रंथपालसुद्धा "आत्या, जरा स्टेपलर देता का" म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. घरी माणसं दोनच, ती आणि नवरा, आणि नवऱ्याच्या तोंडून दिवसाला सात वाक्यं निघाली तर तो दिवस गप्पांचा समजायचा. इथे सकाळपासून पन्नास जण हाका मारायचे.

तिच्या खोलीबाहेर 'विद्यार्थी सहाय्य कक्ष' अशी पाटी होती. आत दोन टेबलं, तीन कपाटं, एक किटली आणि एक सोफा, ज्यावर बसलेला माणूस उठताना दुसऱ्याचा हात मागायचा. कॉलेजच्या माहितीपुस्तकात या कक्षावर दीड पान लिहिलेलं होतं आणि ते दीड पान आजवर कोणीही वाचलेलं नव्हतं. पोरं यायची ती एकमेकांना विचारून. कुणाला फळ्यावरचं दिसायचं नाही, कुणाला ऐकू यायचं नाही, कुणाला अक्षरं ओळीत उभीच राहायची नाहीत, कुणाला नुसतंच सकाळी उठावंसं वाटायचं नाही. आत्या प्रत्येकाला आधी बसवायची, मग चहा द्यायची आणि मग योग्य तो फॉर्म काढायची. फॉर्म आधी पुढे केला की माणूस निम्मं सांगतच नाही, असं तिचं मत होतं आणि ते बरोबर होतं.

आणि भिंतीवर घड्याळ होतं. पिवळ्या काठाचं, आठाच्या आकड्याजवळ बदकाचं स्टिकर लावलेलं. हे घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं, आणि ते बिघडलेलं नव्हतं. आत्याने स्वतः स्टुलावर चढून पुढे केलं होतं. कक्षाच्या प्रमुख मॅडम मनाने सोन्यासारख्या, पण वेळेला कधीच नाहीत. प्राचार्यांच्या मीटिंगला रोज दहा मिनिटं उशिरा. म्हणून आठ वर्षांपूर्वी आत्याने ही युक्ती केली. मॅडमना ती चार दिवसांत कळली, आणि पाचव्या दिवसापासून त्याही मनात दहा मिनिटं वजा करून पूर्वीइतक्याच उशिरा जाऊ लागल्या. तरी काटे कोणी मागे घेतले नाहीत. त्या खोलीत येणारा प्रत्येक जण घड्याळ बघून दहा वजा करायचा. नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी सांगितल्या जात: साखर कुठल्या डब्यात आहे, आणि घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे.

गोगलगायीलाही त्या सांगितल्या होत्या.

गोगलगाय हे नाव त्या मुलीने स्वतःच स्वतःला ठेवलं होतं, दुसऱ्या कुणी ठेवायच्या आत. वय चोवीस, चष्मा, आणि बोलण्यात अशी तरतरीत की समोरच्याला वाक्य पुरं करायची संधी मिळू नये. पण लिहायला बसली की गाडी बैलाच्या चालीने. पंधराव्या वर्षापासून तिच्या बोटांचे सांधे सुजायचे आणि आखडायचे. मधे दोन वर्षं शिक्षण सोडून हातांवर शस्त्रक्रिया झाल्या. पेनाला ती रबरी पट्टी गुंडाळून ते जाडजूड करायची आणि मग एकेक अक्षर कोरल्यासारखं काढायची. नियमाप्रमाणे तिला लेखनिक मिळाला असता. ती सांगेल आणि दुसरं कुणी लिहील, अशी सोय होती. पहिल्याच वर्षी आत्याने विचारलं तर ती म्हणाली, "नको आत्या. माझं अक्षर डोळ्यांसमोर उमटल्याशिवाय मला पुढचं सुचतच नाही."

"मग जास्तीचा वेळ घे."

"तो घेते. वेळ फुकट मिळत असेल तर कोण सोडतं!"

तीन तासांच्या पेपरला एक तास जास्तीचा. हा पेपर मागच्या इमारतीतल्या एका लहान खोलीत व्हायचा. आवाजाने दचकणारी मुलं तिथे बसत म्हणून तिथली घंटा काढून टाकलेली होती. दहाला मोठ्या हॉलमध्ये घंटा झाली की शिपाई धावत येऊन दारात डोकं घालायचा आणि म्हणायचा, "सुरू करा." संपल्याचं सांगायला मात्र कोणी येत नसे. तो शेवटचा तास आत्याचा आणि त्या खोलीतल्या घड्याळाचा.

अशा वीस-बावीस पेपरांत दोघी समोरासमोर बसल्या होत्या. मोठ्या हॉलमधले पर्यवेक्षक "अर्धा तास राहिला", "दहा मिनिटं राहिली" असं ओरडतात. पहिल्या पेपराला आत्यानेही तसं हळूच सांगितलं होतं. पेपर झाल्यावर मुलगी म्हणाली, "आत्या, एक विनंती. ते राहिलेल्या मिनिटांचं नका सांगू. ते ऐकलं की बोटं जास्तच आखडतात. मी घड्याळ बघत राहते, वेळ संपली की तुम्ही सांगा." तेव्हापासून आत्या चार तास तोंडातून अवाक्षर काढत नसे. वेळ संपली की फक्त म्हणायची, "बाळा, पेन ठेव." आणि पेन ठेवलं जायचं, कारण आत्या सांगतेय म्हणजे वेळ संपली.

तर त्या दिवशी संख्याशास्त्राचा पेपर होता, आणि त्या खोलीत गोगलगाय एकटीच होती.

तो विषय गोगलगायीच्या मुळावर उठला होता. बाकी सगळं सुटलं होतं, यात दोनदा आपटी खाल्ली होती. आणि कॉलेजचा नियम असा की पदवी सहा वर्षांत पुरी व्हायला हवी. दोन वर्षं हातांनी खाल्ली, चार शिकण्यात गेली, सहावं वर्ष या परीक्षेबरोबर संपत होतं. आज पास झाली तर पदवी. नाही तर सगळी पाटी पुसून पुन्हा पहिल्या वर्षापासून. हा नियम आत्याला तोंडपाठ होता, कारण कॉलेजची सगळी नियमावली तिनेच टाइप केलेली होती. टाइप करताना तो साधा दिसला होता. एखाद्या मुलीच्या गळ्याशी आला की तोच नियम कसा दिसतो, हे तिला आता कळत होतं.

पेपर वेळेवर सुरू झाला. आत्या खुर्चीत ताठ बसली. खोलीत फोन नाही, मनगटी घड्याळ नाही. दोन्ही बाहेर कपाटात ठेवायची, पर्यवेक्षकानेसुद्धा. हाही नियम तिनेच टाइप केला होता. बऱ्याच वेळाने तिने भिंतीकडे पाहिलं तर अकरा वीस. पुन्हा पाहिलं तर अकरा वीस. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सेकंदाचा काटा मेलेला आहे.

तेवढ्यात शिपाई पाण्याचा जग घेऊन आला. आत्याने त्याला खुणेने जवळ बोलावलं आणि कानाशी पुटपुटली, "आपल्या ऑफिसातलं घड्याळ काढून आण. पळ."

शिपाई पळाला, घड्याळ घेऊन आला, जुनं उतरवलं, पिवळ्या काठाचं चढवलं. बाराला पाच कमी. आत्याचा जीव भांड्यात पडला. मुलीने आवाज ऐकून वर पाहिलं, बदकाकडे बघून किंचित हसली, आणि पुन्हा उत्तरपत्रिकेत डोकं घातलं.

आता कुणी म्हणेल, जिने स्वतःच्या हाताने काटे पुढे केले तिला हे कळू नये? पण सवय अशीच असते. ऑफिसच्या भिंतीकडे मान वळली की आत्याच्या डोक्यात दहा आपोआप वजा व्हायचे. ते वजा करणं घड्याळाला चिकटलेलं नव्हतं. त्या भिंतीला, त्या कपाटाला, त्या किटलीला चिकटलेलं होतं. ही भिंत वेगळी. इथलं घड्याळ कायम बरोबर. इथे आठ वर्षांत तिने एकदाही वजाबाकी केली नव्हती.

काट्यांनी दोन वाजवले. मुलगी शेवटच्या प्रश्नावर होती, दहा मार्कांच्या. आत्या उठली आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "बाळा, पेन ठेव."

मुलीने झटक्यात वर पाहिलं. आधी घड्याळाकडे, मग आत्याकडे. तोंड उघडलं. आत्याला वाटलं, बिचारी रडणार. पण तिने तोंड मिटलं, पेनाचं टोपण लावलं आणि उत्तरपत्रिका, प्रश्नपत्रिका दोन्ही पुढे सरकवल्या. शेवटच्या पानावर आकड्यांचा एक तक्ता आखलेला होता, खाली 'यावरून' एवढाच शब्द, आणि पुढे पांढरं.

"राहिलं का गं?"

"थोडं," ती म्हणाली. "माझाच अंदाज चुकला, आत्या." आणि पिशवी खांद्याला लावून, बोटं चोळत निघून गेली. नेहमी जाताना ती एखादा तरी टोमणा मारून जायची. आज नाही.

आत्या पाकीट छातीशी धरून मैदान ओलांडत परीक्षा विभागात आली, आणि वाटभर ते अर्धं पांढरं पान तिच्या डोळ्यांसमोर होतं. दहा मार्क म्हणजे या मुलीला जिवाचे मार्क. खिडकीतल्या क्लार्कबाईने पाकीट घेतलं, रजिस्टर उघडलं, मागच्या घड्याळाकडे मान वळवली आणि लिहिता लिहिता म्हणाली, "एक पंचावन्न. आज लवकर आटपलं?"

"नाही, दोनला..." आत्या म्हणाली, आणि थांबली.

पिवळा काठ. आठाजवळचं बदक.

  मग तिने अशा आवाजात, की जो त्या इमारतीत कुणी तिच्या तोंडून ऐकला नव्हता, सांगितलं, "पाकीट सील करू नका. हातही लावू नका. त्याच्याकडे नुसतं बघत बसा!" आणि ती धावत सुटली.

आता आत्या धावली म्हणजे काय झालं ते नीट सांगायला हवं. वय सत्तावन्न, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, पायात घरून ऑफिसला यायच्या साध्या सपाता. एक सपात जिन्यातच राहिली. पण डोक्यात नियमावलीचं सत्तेचाळिसावं कलम लख्ख उमटलं होतं: प्रशासनाच्या चुकीमुळे विद्यार्थ्याचा वेळ कमी झाल्यास तो त्याच दिवशी भरून द्यावा, मात्र विद्यार्थी कॉलेजच्या आवाराबाहेर गेलेला नसावा. आवाराबाहेर पाऊल पडलं की संपलं. मग अर्ज, समिती, पुढची परीक्षा. आणि या मुलीला पुढची परीक्षाच नव्हती. तिचा बाप बेकरी चालवायचा आणि जास्तीच्या तासाच्या दिवशी बरोबर दोनला पावाची व्हॅन घेऊन गेटवर उभा राहायचा.

मैदानाच्या टोकाला आली तेव्हा तिला गेट दिसलं. गेटच्या आतल्या बाकावरून मुलगी उठत होती. बाहेर व्हॅन वळत होती.

अठरा वर्षं आत्याने त्या आवारात फक्त "शूऽऽ" केलं होतं. वाचनालयाबाहेर, परीक्षेच्या खोल्यांबाहेर, कुजबुजणाऱ्या पोरांच्या घोळक्यांत. त्या आत्याने आता दोन्ही हात वर केले आणि जीव खाऊन ओरडली, "थांऽऽब! बाहेर जाऊ नकोऽऽस! वॉचमनमामा, गेट लावाऽऽ!"

वॉचमनमामांना वाटलं चोरी झाली. त्यांनी पुढचामागचा विचार न करता गेट असं ढकललं की ते थेट व्हॅनच्या नाकाशी जाऊन थडकलं. बाप हॉर्न वाजवू लागला. मामांची मांजर बाकाखालून उडाली. आणि मुलगी गेटच्या आत एक हात अंतरावर, तोंडाचा आ वासून उभी राहिली.

आत्या पोहोचली ती एका पायात सपात, दुसऱ्या पायात धूळ.  तिने मुलीचं मनगट धरलं, बोटं नाही, बोटं दुखतात हे त्या अवस्थेतही तिच्या लक्षात होतं, आणि धापा टाकत म्हणाली, "दहा मिनिटं. तुझी. माझ्याकडे राहिलीत."

परीक्षा नियंत्रक हे गृहस्थ असे, की हसायचं झालं तरी आधी परिपत्रक बघतील अशी त्यांची ख्याती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आत्या, मुलगी, वॉचमनमामा आणि व्हॅन कशीबशी लावून आलेला बाप, सगळे त्यांच्या टेबलासमोर उभे होते.

"विद्यार्थिनी आवाराबाहेर गेली होती?"

"नाही साहेब," मामा म्हणाले. "बाकावर बसून होती. मी बघत होतो."

"कुणाशी बोलली? काही वाचलं?"

"मांजरीशी बोलली, साहेब."

"काय बोलली?"

मामा घुटमळले. "म्हणाली, तुझं बरं आहे."

नियंत्रकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ठीक आहे. सत्तेचाळिसावं कलम लागू होतं. पण आत्या, त्याचं चौथं उपकलम तुम्हाला माहीत असेल."

"मीच टाइप केलंय, साहेब."

"चूक कुणाची हे लेखी द्यावं लागेल. ते तुमच्या सेवापुस्तकात लागेल. तुम्हाला निवृत्तीला..."

"अकरा महिने आहेत."

"आणि आजवर सेवापुस्तकात एकही..."

"कागद द्या, साहेब. तिची बोटं गार पडतायत."

तिने उभ्याउभ्याच लिहून दिलं. ऑफिसचं घड्याळ मी स्वतः पुढे केलेलं होतं, ते मी मागवलं, ते मी न तपासता वापरलं, विद्यार्थिनीची दहा मिनिटं माझ्यामुळे गेली. चार ओळी, खाली सही. निष्कलंक सेवापुस्तक घेऊन घरी जायचं, हे तिने अठरा वर्षं मनाशी धरलं होतं. नवऱ्यालाही कधीतरी बोलून दाखवलं होतं. सही करताना तिला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. ती झाली संध्याकाळी, बसमध्ये, आणि तेव्हाही फारसं काही वाटलं नाही.

"चूक करणाऱ्या पर्यवेक्षकाला खोलीत बसता येणार नाही," नियंत्रक म्हणाले. "मी बसतो." आणि त्यांनी परीक्षा विभागाच्या भिंतीवरचं घड्याळ खिळ्यावरून काढलं, काखोटीला मारलं आणि निघाले. त्या दिवशी मैदानावरच्या पोरांनी कॉलेजचे सर्वांत कडक साहेब काखेत भिंतीवरचं घड्याळ घेऊन चालताना पाहिले. पुढे कितीतरी दिवस त्या दृश्याच्या नकला झाल्या.

दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर आत्या आणि बाप बसले. बापाच्या हातांवर कोपरापर्यंत पीठ वाळलेलं होतं, दुकानातून तसाच उठून आला होता.  आत्याला राहवेना.

"भाऊ, माझ्यामुळे पोरीचं नुकसान झालं असतं. मला माफ करा."

बापाने मान हलवली. "अहो, कसली माफी. गेट माझ्या गाडीवर आदळलं त्याची मागा हवं तर." मग तो जरा हसला आणि दाराकडे बघत म्हणाला, "तुम्हाला सांगतो आत्या, आमच्या घरात सगळी घाईची माणसं. भट्टी कुणासाठी थांबत नाही ना. तिला बटण लावायला वेळ लागतो, घास घ्यायला वेळ लागतो, आणि आमच्या तोंडून निघतंच, आवर गं, लवकर गं. निघाल्यावर वाईट वाटतं, पण निघतं. ती एकदा मला म्हणाली, बाबा, अख्ख्या जगात एकच खोली आहे जिथे मला कोणी लवकर कर म्हणत नाही. आत्या समोर बसलेल्या असतात, आणि मला फक्त लिहायचं असतं."

आत्याने पदर तोंडाला लावला. ती रडली, चांगली हमसून रडली. त्या एका खोलीतली दहा मिनिटं तिने आपल्याच हाताने कापून घेतली होती. बापाला काय करावं कळेना. त्याने खिशातून पिठाने माखलेला रुमाल काढून पुढे केला आणि आत्याने तो घेतला.

दार उघडलं. नियंत्रक उत्तरपत्रिका घेऊन बाहेर आले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "दहा मिनिटं. एक सेकंद इकडे नाही, तिकडे नाही." पण पुढे गेल्यावर ते वळले. "अक्षर फार सुंदर आहे तुझं," असं म्हणून झपाझप निघून गेले.

मुलगी दारात उभी होती. बोटं वाकडी झालेली, चेहरा मात्र धुतल्यासारखा. आत्याच्या नाकाला लागलेलं पीठ बघून तिला हसू फुटलं.

"झालं?" आत्याने विचारलं.

"झालं. तक्ता होताच, निष्कर्ष राहिला होता. लिहिला."

"मघाशी तू तोंड उघडलंस. मला वाटलं रडतेस. काय म्हणणार होतीस?"

 "ते घड्याळ आपलं होतं ना आत्या, बदकाचं. ते आल्याबरोबर मी ओळखलं. त्याच्यात दहा वजा करूनच मी सगळा वेळ आखला होता. शेवटच्या प्रश्नाला ती दहा मिनिटं ठेवली होती."

"म्हणजे तुला माहीत होतं?" आत्या उडालीच. "अगं मग बोलायचं नाही का? म्हणायचं, आत्या, दोन वाजले नाहीत अजून!"

"तुम्ही पेन ठेव म्हणालात. मला वाटलं, लावताना तुम्ही काटे नीट केले असणार आणि माझंच चुकलं." मग ती अगदी साधेपणाने म्हणाली, "तुमची वेळ चुकेल असं मनातच आलं नाही."

 अठरा वर्षांत कुणी तिला पुरस्कार दिला नव्हता, आणि दिला असता तरी तो याच्याइतका जड झाला नसता. एवढा विश्वास, आणि त्यानेच पोरीची पदवी बुडत होती. तिने मुलीचं मनगट पुन्हा धरलं.

"हे बघ," ती म्हणाली, "माझ्यावर विश्वास टाक, मला आवडतं. पण माझं चुकलं तर मला सांगत जा. माझ्या तोंडावर. कळलं?"

"प्रयत्न करते," गोगलगाय म्हणाली. "याला पण जास्तीचा वेळ लागेल."

दुसऱ्या दिवशी आत्याने नियमावलीत घालण्यासाठी एक नवं कलम टाइप करून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. वेळेबद्दल शंका वाटल्यास विद्यार्थ्याने पर्यवेक्षकाला विचारावे. पर्यवेक्षक कितीही जुना असो. विचारण्यात गेलेला वेळ विद्यार्थ्याच्या वेळेत धरू नये. मॅडमनी वाचलं, 'कितीही जुना असो' हे काढायला सांगितलं, मग स्वतःच म्हणाल्या, "राहू दे, असू दे तसंच." आणि मीटिंगला दहा मिनिटं उशिरा ते मंजूर करून घ्यायला गेल्या. घड्याळ परत ऑफिसच्या भिंतीवर लागलं, दहा मिनिटं पुढेच. फक्त आत्याने त्याच्या पाठीला मोठ्या अक्षरांत चिठ्ठी डकवली, की हे या खोलीबाहेर नेऊ नये.

निकाल लागला त्या दिवशी गोगलगाय पावाची भलीमोठी पिशवी घेऊन आली. चार मार्कांनी पास. शेवटच्या प्रश्नाला सात मिळाले होते, म्हणजे उरलेली गोष्ट कुणी सांगायलाच नको. मॅडमनी मिठी मारली, शिपायाने दोन पाव उचलले, ग्रंथपाल स्टेपलर मागायला आले आणि बसलेच. ते सोफ्यातून उठले तेव्हा दोघांनी ओढलं.

मग आत्याने कपाटातून कक्ष सोडल्याचा फॉर्म काढला. या खोलीतून मदत घेतलेला प्रत्येक जण जाताना तो भरायचा. या मुलीचा आत्या स्वतः भरणार होती. तिने चष्मा लावला. विषय लिहिला, वर्ष लिहिलं. 'मिळालेली मदत' या रकान्यात नेहमीच्या अक्षरात लिहिलं: प्रत्येक पेपरला एक तास जास्तीचा.

मुलगी टेबलावर कोपर ठेवून वाकून वाचत होती. तिने एकदा घसा खाकरला. पुन्हा खाकरला. चेहरा लाल झाला.

"आत्या," ती म्हणाली, "चुकलंय."

आत्याने पेन थांबवलं.

"शेवटच्या पेपरला फक्त तास नव्हता. तुम्ही धावत आला होतात, तेही लिहा. एका सपातेवर."

खोलीत सगळे हसले. आत्याने फॉर्मकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. तिला माहीत होतं की हे एवढं तिच्या तोंडावर म्हणायला या पोरीला केवढं बळ लागलं असेल. तिने लिहिलेलं खोडलं, शेजारी सही केली, आणि फॉर्म व पेन दोन्ही तिच्यासमोर सरकवले.

"तूच लिही," ती म्हणाली.

मुलीने पिशवीतून आपलं रबरी पट्टीचं जाड पेन काढलं आणि लिहायला बसली. एकेक अक्षर, कोरल्यासारखं. आत्या समोरच्या खुर्चीत हात बांधून बसली. मॅडमना मीटिंगला उशीर होत होता, शिपायाला कपाट बंद करायचं होतं, बाहेर पावाची व्हॅन हॉर्न देत होती. कुणी लवकर कर म्हणालं नाही, आणि आत्याने भिंतीकडे एकदाही पाहिलं नाही.